पाटी बघून थांबलेली गाडी

युनियनच्या हॉलमध्ये बसायला जागा उरली नाही, हीच टाबोर फॉल्स या गावात मोठी बातमी होती. एरवी त्या हॉलमध्ये लग्नाच्या पार्ट्या व्हायच्या, दर गुरुवारी म्हाताऱ्यांचा बिंगो रंगायचा, आणि युनियनची सभा असली की पुढच्या दोन रांगा भरल्या तरी अध्यक्षीणबाई बेव्ह खूश असायच्या. त्या शनिवारी मात्र माणसं भिंतींना टेकून उभी होती, खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसली होती. बाहेर पार्किंगमध्येही दहापंधरा जण दाराच्या फटीतून कान देऊन ऐकत होते.

रोझॅन हावलिक मागच्या बाजूला बसली होती. वय बावन्न, घटस्फोटित, आवाज खणखणीत; पण सभेत तो तिने कधी वापरला नव्हता. प्रेअरी पर्लच्या मक्याच्या कारखान्यात तिची वीसेक वर्षं गेली होती. कारखाना मक्यापासून स्टार्च आणि गोड पाक काढायचा. तो पाक रेल्वेच्या टाकीच्या डब्यांत भरायचा, झाकण आवळायचं, पुढचा डबा ओढून घ्यायचा, हे तिचं काम. उन्हाळ्यात डब्यांचा पत्रा हात भाजायचा आणि आयोवाच्या थंडीत त्याच पत्र्याला हातमोजे चिकटायचे.

तिच्या शेजारी ओनोरे मुलाम्बा बसला होता. तो काँगोहून आलेला. चार वर्षांपासून दोघं एकाच डब्यावर काम करत होती. तो तिला 'ममां' म्हणायचा. त्याच्या गावाकडे वयाने मोठ्या बाईला असंच म्हणतात. पहिल्या दिवशीच रोझॅनने त्याला सुनावलं होतं, "तुझ्याएवढा पोरगा असायला मी दहाव्या वर्षी बाळंत व्हायला पाहिजे होते, कळलं?" ओनोरेने मान डोलावली होती आणि "बरं, ममां" म्हणाला होता.

बेव्हने कंपनीचा देकार वाचून दाखवला. जुन्या लोकांना भरघोस पगारवाढ. नवे, म्हणजे गेल्या दहाएक वर्षांत लागलेले, त्यांचा पगार आहे तसाच. जुन्यांच्या जेमतेम दोन-तृतीयांश. आणि आठवड्याचे सातही दिवस बोलावलं की यायचं, ही सक्ती सगळ्यांना कायम.

"चांगलंय की!" पुढून कोणीतरी म्हणालं. "सह्या करा आणि घरी चला, मॅच सुरू व्हायचीय."

लोक हसले. जुन्यांचे चेहरे सैलावले, कोणी कोणाला कोपराने ढोसलं. रोझॅनचाही जीव हलका झाला. खोटं कशाला बोला, घराचं छप्पर गळत होतं आणि ती वाढ तिला हवी होती. मग तिने सहज शेजारी पाहिलं. ओनोरे आपल्या बुटांकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर ना राग होता ना आश्चर्य. बस उशिरा येणार हे आधीच माहीत असलेला माणूस थांब्यावर उभा असतो, तसा तो बसला होता.

त्याच्या त्या बसण्याचाच तिला संताप आला. आपण कधी उठलो हे तिला कळलंच नाही.

"बेव्ह, मला बोलायचंय."

माना वळल्या. "रोझॅन? आपली रोझॅन?"

"हो, आपलीच," ती म्हणाली. "मी आणि हा ओनोरे एकाच डब्यावर काम करतो. झाकण मी लावलं की त्याने, हे पाकाला कळत नाही. हे फक्त पगाराच्या दिवशी कळतं. ठीक आहे, त्याचं सोडा. आपलं बघा. मी निवृत्त झाले की माझ्या जागी कोण येणार? त्याच्या पगाराचा माणूस. तू गेलास की, गॅरी? त्याच्याच पगाराचा. असे आपण एकेक करून संपणार, आणि एक दिवस अख्खा कारखाना त्या पगारावर येणार. तेव्हा आपली पोरं तिथे कामाला असतील. अरे, ही पगारवाढ नाहीये. हा आपला निरोप समारंभ आहे! केक कापून खुशाल जा म्हणतायत!"

हशा पिकला, पण तो मघासारखा नव्हता. मग जुन्यांतला तो गॅरीच ओरडला, "संपाने काय होतं ते तुझ्या बापाला विचार की एकदा!"

तिच्या बापाची, एमिल हावलिकची, गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. तीस वर्षांपूर्वी याच कारखान्यात संप झाला तेव्हा एमिल पुढाऱ्यांपैकी एक होता. कंपनीने बाहेरून माणसं आणली, ती कायमची भरली, आणि कायद्याने त्यात काही गैर नव्हतं. वर्षभराने संप मोडला तेव्हा दहांतल्या तिघांना कामावर परत घेतलं. एमिल त्या तिघांत नव्हता. उरलेली नोकरी त्याने शाळेत फरशा पुसत काढली, आणि त्यानंतर या हॉलची पायरी चढला नाही.

"विचारलंय," रोझॅन म्हणाली. "तो म्हणतो, करू नका."

आता मात्र सगळा हॉल खदखदून हसला, गॅरीसुद्धा.

"पण तो असंही म्हणाला नाही," ती म्हणाली, "की तेव्हा संप केला हे त्यांचं चुकलं होतं."

ती खाली बसली. ओनोरेने आपल्या हातातली पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

मतदान झालं. मोजणी संपल्यावर बेव्ह मंचावर आली तेव्हा तिच्या चष्म्यावर वाफ धरली होती. तिने तो काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, आणि आकडा सांगायच्या आधी नुसतीच मान हलवून हसली. कंपनीचा देकार फेटाळला गेला होता, आणि थोडक्यात नाही, चांगला दणदणीत. म्हणजे आता संप. बाहेर पार्किंगमध्ये कोणीतरी गाडीचा हॉर्न दाबला तो सोडेचना.

घरी एमिल टीव्हीसमोर बसला होता. ऐंशीचा, अजून काटक, हट्ट तर त्याहून काटक.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "बोललीस म्हणे."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गावातून मला तीन फोन आले. तीस वर्षांत इतके कधी आले नव्हते." त्याने टीव्ही बंद केला. "पोरी, तुला तुझं मिळत होतं. घ्यायचं आणि गप्प बसायचं."

"बाबा, तुम्ही बसला होतात गप्प?"

रोझॅनने बेकरीतून आणलेले आलुबुखारा भरलेले कोलाचे, म्हणजे गोड बन, ताटलीत काढले, कॉफी ओतली. एमिलने एक उचलला, हातात नुसताच धरून ठेवला.

"आम्ही कशाने हरलो, माहितीये?" तो म्हणाला. "सगळे म्हणतात, बाहेरच्या माणसांनी. नाही. आम्ही पुढच्या गेटवर छातीचा कोट करून उभे होतो, आणि मागून मालगाडी आत जायची. रिकामे डबे आत, भरलेले बाहेर. रोज. पाक निघत राहिला, कारखाना एक दिवस थांबला नाही. आम्ही तोंडाने घोषणा देत होतो आणि कानाने ती शिट्टी ऐकत होतो."

"ड्रायव्हर थांबले नाहीत?"

"नाही."

"का?"

एमिलने हातातला बन ताटलीत परत ठेवला. "त्यांना कोणी विचारलंच नाही."

त्या एका वाक्याने रोझॅनला रात्रभर झोप आली नाही. टाकीचे डबे भरण्यात तिची उभी हयात गेली होती. रिकामे डबे आले नाहीत तर काय होतं, हे तिला नाही तर कोणाला कळणार? पाकाच्या टाक्या काठोकाठ भरतात, आणि टाक्या भरल्या की दळण थांबवावंच लागतं. बंद करा म्हणायची कोणाला गरज पडत नाही. कारखानाच हात वर करतो.

संप सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात ती रेल्वे यार्डाजवळच्या खाणावळीत जाऊन थडकली. गाडीवरची माणसं सकाळी तिथे अंडी-बटाटे खायला यायची. लायल टॉलिव्हर नावाचा इंजिन ड्रायव्हर कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. भुवया जाड, मिशी त्याहून जाड. ती समोर जाऊन बसली आणि सरळ विषयाला हात घातला.

टॉलिव्हरने पावाने ताटलीतलं पिवळं निपटलं. "दोनचार वर्षांमागे आम्ही संप करणार होतो. कशासाठी? आजारी पडलं तर सुट्टी मिळावी म्हणून. एवढंच! वॉशिंग्टनने रातोरात कायदा केला आणि आमचं तोंड बंद केलं. तेव्हा तुमच्या कारखान्यातलं कोण आलं आमच्या बाजूने उभं राहायला?"

"तुम्ही बोलावलं होतंत?"

त्याने वर पाहिलं.

"मी बोलवायला आलेय," रोझॅन म्हणाली. "माझ्या बापाच्या वेळी कोणी आलं नाही, तुमच्या वेळी कोणी गेलं नाही. असं किती दिवस आपण एकमेकांची वाट बघत बसायचं?"

खाणावळीतल्या बाईने कॉफी ओतता ओतता हात थांबवला होता. टॉलिव्हरने मिशी पुसली.

"हे बघा बाई, मी काही वचन देत नाही. कोणत्या दिवशी कोणाची पाळी लागेल हेही मला माहीत नसतं. पण आमच्या करारात एक कलम आहे. गिऱ्हाइकाच्या दाराशी संपाची पाटी घेऊन माणूस उभा असेल, तर आत जायची आम्हाला सक्ती नाही. पण माणूस पाहिजे. आणि पाटी पाहिजे. तुमच्या मनात संप आहे हे मला इंजिनातून दिसत नाही."

त्या दिवसापासून कारखान्याच्या मागे, जिथे रेल्वेचा फाटा कुंपणातून आत शिरतो तिथे, सोयाबीनच्या बांधावर दोन माणसं पाटी घेऊन उभी राहू लागली. पावसाची भुरभुर असो की वारा, तिथला पहारा हलला नाही. पण गाडी येईना. कंपनीने संपाच्या आधीच रिकामे डबे आणून साठवले होते. आत मॅनेजर लोक आणि बाहेरून आणलेली माणसं कसाबसा कारखाना चालवत होती, आणि धुरांड्यातून पांढरी वाफ निघत होती. रोज सकाळी लोक आधी ती वाफ बघायचे.

एमिल दरम्यान 'नुसतं बघायला' म्हणून यायला लागला. पहिल्या दिवशी मोटारीत बसून राहिला. दुसऱ्या दिवशी घडीची खुर्ची आणली. तिसऱ्या दिवशी तो गेटवरच्या पोरांना, शेकोटी वाऱ्याच्या कोणत्या बाजूला करायची यावरून झापत होता.

आणि मग तो मंगळवार उजाडला. दुपारी जेवणाच्या सुमाराला रोझॅन, एमिल आणि ओनोरे चर्चच्या स्वयंपाकघरातून गेटवरच्यांसाठी जेवण घेऊन निघाले होते. पिकअपच्या मागे घेवड्याच्या उसळीचं भलंमोठं पातेलं, पाव, आणि टेबलावर घालायची पांढरी चादर. वळणावर येतात तो रोझॅनने करकचून ब्रेक दाबला.

पुढच्या गेटवर काळ्या काचांच्या बसगाड्यांची रांग लागली होती. काळे गणवेश घातलेले पहारेकरी उतरत होते. सगळा गाव तिकडे धावला होता. शिट्ट्या, आरडाओरडा, कोणाच्या तरी हातातला ढोल. बेव्ह गाडीच्या टपावर चढून लोकांना मागे राहा, हात लावू नका, असं ओरडून सांगत होती.

"एकदम एवढ्या बसगाड्या?" एमिल पुटपुटला. "भर दुपारी?"

आणि तेव्हाच रोझॅनने ती ऐकली. नदीच्या पुलावरून येणारी शिट्टी. दोन लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब. वीस वर्षं तिने ती शिट्टी ऐकून हातमोजे चढवले होते.

"बाबा," ती म्हणाली, "मागे कोण आहे?"

ओनोरेने गर्दीकडे बोट दाखवलं. मागच्या बांधावरचे दोघेही पुढे आले होते. गेटवर धुमश्चक्री चाललीय असं कळल्यावर त्यांना तिथे राहवलं नव्हतं.

"कोणी नाही, ममां."

एमिलने डॅशबोर्डवर हात आपटला. "पुन्हा," तो म्हणाला. "पुन्हा तेच करतायत. आपल्याला पुढे गुंतवायचं आणि मागून गाडी आत घ्यायची."

"नाही," रोझॅन म्हणाली, "या वेळी करू द्यायचं नाही." रस्ता बसगाड्यांनी अडला होता. डाव्या हाताला मका कापून नेलेलं मोकळं शेत पसरलं होतं, थेट रुळांपर्यंत.

"शेतातून घे!" एमिल ओरडला.

"कोणाचं आहे ते?"

"माफी नंतर मागू!"

तिने चाक गरकन फिरवलं. पिकअप चरातून उडी मारून शेतात घुसली आणि धसकटांवरून धडधडत सुटली. तिघांची डोकी छताला आपटत होती. मागे पातेल्याचं झाकण उडालं आणि उसळीने अख्खी मागची काच माखली.

"उसळ गेली!" ओनोरे ओरडला.

"जाऊ दे!"

"माझ्या बायकोने केली होती!"

"तिची माफी तू माग!"

आणि त्या सगळ्या धक्क्यांत एमिल हावलिक, ऐंशी वर्षांचा, डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरून हसत होता. रोझॅनने त्याला असं हसताना लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

रुळांच्या अलीकडच्या ओढ्याशी गाडीची चाकं चिखलात रुतली. तिघं खाली उतरली. पुलाकडून इंजिनाचा दिवा दिसत होता, आणि त्यामागे रिकाम्या डब्यांची माळ.

"पाटी!" रोझॅन म्हणाली. "पाटी कुठाय?"

पाट्या सगळ्या पुढच्या गेटवर होत्या.

एमिलने अंगातलं लाल जॅकेट उतरवायला घेतलं. "हे हलवतो! लाल बघितलं की थांबतोच."

"नको, बाबा! लाल नको!" तिने त्याचा हात धरला. "लाल बघून कुठलाही ड्रायव्हर थांबेल, आणि वर धोक्याचा खोटा इशारा दिला म्हणून आपल्याला तुरुंगात घालतील. आपल्याला पाटी बघून थांबलेला पाहिजे."

एमिलने तिच्याकडे पाहिलं. जॅकेट पुन्हा खांद्यावर ओढलं. "चादर आण," तो ओनोरेला म्हणाला.

पिकअपमध्ये चाकांना लावायच्या काळ्या ग्रीसचा डबा होता. चादर धसकटांवर पसरली, एमिल गुडघ्यांवर बसला आणि पंजाभर ग्रीस घेऊन लिहायला लागला. इंग्रजीत STRIKE, म्हणजे 'संप', हा एकच शब्द. पण अक्षरं त्याने एवढी मोठी काढली की चादर पुरेना.

"लवकर, बाबा!"

"घाई केलीस तर अक्षर बिघडेल!"

चादरीचं एक टोक रोझॅनने धरलं, एक ओनोरेने, आणि दोघं ओढ्यातून धडपडत पलीकडच्या बांधावर चढली. रेल्वेच्या हद्दीची खूण होती तिथेच थांबली. एक पाऊल पुढे टाकायचं नाही हे बेव्हने सगळ्यांना पढवलं होतं. वाऱ्याने चादर शिडासारखी फुगली. ओनोरेने टाचा मातीत रोवल्या. इंजिन जवळ येत होतं. जमीन थरथरायला लागली. शिट्टी पुन्हा वाजली, एवढी मोठ्याने की रोझॅनच्या दातांत झिणझिण्या आल्या.

"घट्ट धर, ममां!"

"धरलंय रे!"

इंजिन समोर आलं, आणि समोरून पुढे गेलं. मग लोखंडावर लोखंड घासल्याचा तो लांबलचक किंकाळीसारखा आवाज आला. एकामागून एक डबे एकमेकांवर आदळत, धाड, धाड, धाड, मंद होत गेले. कुंपणाच्या दारापासून दोन डब्यांच्या अंतरावर अख्खी गाडी उभी राहिली.

सगळं शांत झालं. फक्त इंजिनाची धुगधुग.

खिडकी उघडली. जाड भुवया बाहेर आल्या.

"शेवटचं अक्षर कुठाय?" लायल टॉलिव्हर ओरडला.

"कापड संपलं!" एमिल खालून ओरडला.

टॉलिव्हरने एकदा त्या काळ्या अक्षरांकडे पाहिलं, एकदा चिखलात रुतलेल्या, उसळीने माखलेल्या गाडीकडे. मग तो इंजिनातून खाली उतरला, डब्यांच्या कडेकडेने चालत आला आणि हद्दीच्या खुणेपाशी थांबला. "मला वाचता आलं," तो म्हणाला. "आता मी आत जात नाही."

त्याच्यामागून गाडीची गार्ड उतरली, जेमतेम पंचविशीची पोरगी, वेणी टोपीखाली खोचलेली. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. "मी असं कधी केलं नव्हतं," ती म्हणाली.

"आम्हीपण नाही," रोझॅन म्हणाली, आणि दोघी उगाचच हसत सुटल्या.

तेवढ्यात शेताच्या पलीकडून आरोळी उठली. गेटवरच्या कोणीतरी गाडी थांबलेली पाहिली होती. मग काय, माणसांचा लोंढाच धसकटांतून धावत निघाला. बेव्ह सगळ्यांत पुढे, एक हात छातीवर, दुसऱ्याने चष्मा धरलेला. तिच्यामागे गॅरी, त्याच्यामागे ढोल घेतलेला पोऱ्या, नवे, जुने, सगळे एकमेकांत मिसळलेले. सगळे येऊन हद्दीच्या अलीकडे रांगेत उभे राहिले.

रेल्वेचा साहेब पांढऱ्या गाडीतून आला. नियमाने तो स्वतः इंजिन आत नेऊ शकत होता, आणि तो इंजिनावर चढलाही. पण आतला रुळांचा सांधा बदलायला खाली दुसरा माणूस लागतो. त्याने खिडकीतून गार्डला हाक मारली.

"जरा सांधा बदल की."

त्या पोरीने हाताची घडी घातली. "सर, मी पाटी वाचलीय."

साहेबाने रांगेकडे पाहिलं. कोणी शिवी दिली नाही, कोणी दगड उचलला नाही. तीनेकशे माणसं नुसती त्याच्याकडे बघत होती. त्याने फोन लावला, बराच वेळ "हो सर, नाही सर" केलं. मग फोन खिशात टाकला, आणि गाडी उलटी निघाली. एकेक रिकामा डबा आला तसा परत पुलाकडे गेला.

जो जल्लोष झाला तो नदीपलीकडे ऐकू गेला म्हणतात. गॅरीने ओनोरेला उचलून घेतलं. ओनोरे गॅरीच्या दीडपट, त्यामुळे दोघंही ओढ्यात पडले. बेव्ह रडत होती आणि त्याच वेळी कोणालातरी पुढच्या गेटवर परत जा म्हणून दटावत होती. एमिल धसकटांत तसाच बसला होता, हात कोपरापर्यंत काळे. रोझॅन त्याच्याजवळ जाऊन बसली.

"विचारायला हवं होतं आम्ही," तो म्हणाला. "एवढंच होतं बघ. विचारायला हवं होतं."

पुढे तिथून एकही गाडी आत गेली नाही. चौथ्या दिवशी सकाळी लोकांनी वर पाहिलं तर धुरांडं कोरडं होतं. वाफ नाही, वास नाही. गावाला आपल्याच हवेचा वास पहिल्यांदा कळला, आणि तो भिजलेल्या मातीचा होता. आणखी आठवड्याभराने कंपनीचे वकील बोलायला तयार झाले.

सगळं मिळालं असं नाही. निवृत्त माणसांच्या दवाखान्याच्या खर्चाचं कंपनीने ऐकलं नाही, आणि नव्यांचा पगार जुन्यांच्या बरोबरीला एका फटक्यात न येता तीन वर्षांत यायचा ठरला. पण ठरला, कागदावर, सह्यांनिशी. आणि आठवड्यातला एक दिवस माणसाचा स्वतःचा झाला. पहिल्या मोकळ्या रविवारी ओनोरे बायकोपोरांना घेऊन रोझॅनकडे जेवायला आला. त्याच्या बायकोने उसळीचं नवं पातेलं आणलं होतं, आणि ते टेबलावर ठेवताना "हे तरी पोटात जाऊ दे" असं ती फ्रेंचमध्ये म्हणाली. ओनोरेने त्याचा अर्थ सांगितला नाही. सांगायची गरजही पडली नाही.

जेवण चालू असतानाच फोन वाजला. पलीकडे एक अनोळखी बाई, आवाज दबका. ती शेजारच्या परगण्यातल्या अंड्यांच्या कारखान्यातून बोलत होती. तिथे युनियन नव्हती, कधी नव्हतीच. "आम्ही पाचसहा जणी चर्चच्या तळघरात जमणार आहोत," ती म्हणाली. "तुम्ही याल का? नुसतं सांगायला, कसं केलंत ते."

"मला भाषण येत नाही हो," रोझॅन म्हणाली.

"आम्हाला कुठे ऐकता येतं!" ती बाई म्हणाली. "पण या."

पुढच्या आठवड्यात रोझॅन निघाली तेव्हा एमिल आधीच गाडीत जाऊन बसला होता. ओनोरे मागच्या सीटवर.

"तुम्हाला कोणी बोलावलं?" तिने बापाला विचारलं.

"मी नुसतं बघायला येतोय."

तळघराच्या जिन्यावरच त्यांना गलका ऐकू आला. पाचसहा जणी कुठल्या! खाली पन्नासाच्या आसपास माणसं होती. डोक्याला जाळी लावून थेट पाळीवरून आलेल्या बाया, मांडीवर पोरं, कोणी स्पॅनिश बोलतंय, कोणी आणखी तिसरीच भाषा. खुर्च्या कमी पडल्या म्हणून लोक शिध्याच्या खोक्यांवर बसले होते. ती आत शिरताच सगळं चिडीचूप झालं.

बोलायचं म्हणून गाडीत जे घोकलं होतं ते सगळं उडून गेलं. समोरच एक तरुण बाई उभी होती, मनगटाला पट्टी बांधलेली. तिने हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"आम्हाला काढून टाकलं तर?" तिने विचारलं.

सगळ्यांच्या नजरा रोझॅनवर खिळल्या. तिने एक खोकं पुढे ओढलं आणि त्या बाईच्या अगदी समोर जाऊन बसली.

"टाकतील, कदाचित," ती म्हणाली. "खोटं सांगत नाही. माझ्या बापाला टाकलं होतं, तो बघा तो. त्यालाही विचारा, तो सगळं सांगेल. पण आधी मला सांगा, तुमच्यातल्या कोणत्या खात्याने हात थांबवला तर त्या कारखान्याचं पान हलत नाही?"

मागून एक जण म्हणाली, "धुलाई." दुसरी म्हणाली, "छे, धुलाई नाही, पॅकिंग!" तिसरी तिला मध्येच तोडून ट्रकवाल्यांचं काहीतरी सांगायला लागली. बघता बघता सगळ्या एकदम बोलायला लागल्या, हात नाचवत, खोक्यांवरून उठून. त्या गलक्यात कोण काय म्हणतंय हे ऐकायला रोझॅनला पुढे वाकावं लागलं.